नाताळातला वेढा

माझे वडील मळवलीच्या रेल्वे केबिनमध्ये होते. रुळांच्या कडेला उंचावर चारी बाजूंनी काचा असलेली खोली, त्यात लिव्हरांची ओळ. घंटी वाजली की लिव्हर ओढायचा, गाडी गेली की पुन्हा जागेवर लोटायचा. आठ तासांची ड्यूटी संपून बदलीचा माणूस जिना चढून वर येईपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही, असा नियम. एकदा बदलीचा माणूस आजारी पडला तेव्हा बाबा सलग सोळा तास त्या काचेच्या पेटीत उभे होते. घरी आल्यावर ते दाराच्या चौकटीला टेकून कितीतरी वेळ नुसते बाहेरच उभे राहिले. आई म्हणाली, "आत या की." तर म्हणाले, "थांब जरा. आत नको वाटतंय."

केबिनच्या दक्षिणेकडच्या काचेतून लोहगड दिसायचा. बाबांना त्याचं वेड लागलं ते बहुधा तिथूनच.

दिवाळीत लोकांची मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात. माझे वडील खऱ्या किल्ल्यावर जाऊन राहत. मावळातलं भात झोडून कणगीत गेलं, शेतकरी जरा मोकळे झाले, की नाताळच्या सुट्टीत ते चार दिवसांची रजा टाकत. मग मी, बाबा, रुळांचे सांधे बदलणारे एक निवृत्त म्हातारे पॉइंट्समन आणि बाबांचे आणखी पाच-सहा रेल्वेतले सोबती असे आम्ही गडावर चढत असू, आणि तीनशे वर्षांपूर्वी किल्ल्यावरची माणसं जशी राहत तसे राहत असू. नाचणीची भाकरी, टाक्यातलं पाणी, पहारे, परवलीचा शब्द. घड्याळ नाही, आगपेटी नाही, चहा नाही. सूर्य बुडाला की दरवाजा बंद, तो उजाडल्याशिवाय उघडायचा नाही.

बाबांना राजाराण्यांत रस नव्हता. आम्ही कधी कुणाला राजा केलं नाही. ते म्हणायचे, "राजा गडावर येणार चार दिवस. बाकीचे दिवस गड कोण सांभाळतो? आपल्यासारखाच कुणीतरी. त्याला कुणी विचारत नाही." रेल्वेच्या पासावर पुण्याला जाऊन ते वाचनालयात जुन्या बखरी वाचत, आणि हवालदारानं काय करायचं, हिशेब ठेवणाऱ्या सबनिसानं काय करायचं, हे वहीत उतरवून आणत. ते स्वतः हवालदार होते. त्या काळी हवालदार म्हणजे गडाचा मुख्य.

गडाखालच्या वाडीतले एक शेतकरी त्यांचे जिवलग मित्र होते. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, आम्हीही. आबा आणि वाडीतले दहा-बारा गडी म्हणजे शत्रू. आम्ही गड राखायचा आणि त्यांनी घ्यायचा. मारामारी नसे, लाकडाच्या तलवारी, बोथट भाले. आबांनी आत पाऊल टाकलं की गड पडला, असं ठरलेलं. कसा घ्यायचा ते त्यांचं त्यांनी पाहायचं. लबाडी चालेल, फितुरी चालेल. "तेव्हा चालत होती, मग आता का नाही?" हे बाबांचं म्हणणं.

गणेश दरवाजाला तेव्हा फळ्या नव्हत्या, नुसती कमान. बाबांनी दोन हिवाळे खपून तिथं बसेल असं बांबूचं कवाड विणलं. आतून सागाचा अडसर आणि त्याला दगडांचा टेकू. आबांच्या सगळ्या गड्यांनी मिळून धक्का दिला तरी ते हलत नसे. आणि केबिनमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, तारेच्या बारीक कड्या एकमेकींत अडकवून त्यांनी एक चिलखत केलं. ते माझ्या मापाचं होतं. बाबांना मुलगा नव्हता, मी एकुलती एक. आई आम्हा दोघांना जुन्या चादरींच्या बाराबंद्या, म्हणजे बारा बंदांचे अंगरखे, शिवून द्यायची. माझी बाराबंदी घातली की तिच्यावर चिलखत चढवायचं, आणि पाठीमागे चामड्याच्या वाद्या आवळून बाबा गाठी मारायचे. पाठीवरच्या त्या गाठी मला स्वतःला सोडता येत नसत. एकदा घातलं की दुसऱ्यानं काढेपर्यंत मी त्यातच. खांदे भरून येत, मानेशी तार घासे. बाकी मुली सुट्टीत लोणावळ्याला मामाकडे जात, भुशीच्या तळ्यावर डबे घेऊन जात. मी नाताळ त्या लोखंडात काढायची. नको म्हणायची सोय नव्हती, कारण वर्षातले ते चारच दिवस बाबा हसत, मोठ्यानं बोलत, धावत. घरी परतलं की पुन्हा गप्प. त्या चार दिवसांसाठी मी काहीही घातलं असतं.

मी सहावीत असतानाच्या नाताळात आबांनी मला फसवलं. मी दरवाजावर पहाऱ्याला होते. आबा एकटेच धापा टाकत आले आणि म्हणाले, "पोरी, उगड लवकर. टेसनात सायेब आल्यात, तुझ्या बाला बलावलंय. नोकरी जाईल त्याची." मी दगड बाजूला केले, अडसर काढला. कमानीच्या बाजूच्या झुडपांतून दहा गडी उठले आणि आरडाओरडा करत आत घुसले. गड पहिल्याच दिवशी पडला.

बाबा मला रागावले नाहीत. उलट आबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! असंच फसवायचं असतं." पण जेवायला बसल्यावर, सगळ्यांसमोर, ते माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "दरवाजा उघडणाऱ्याचा त्या काळी कडेलोट करत." सगळे हसले. त्यांना ते थट्टेचं वाटलं असणार. मी भाकरी तशीच ठेवून उठले. आमचे तीन दिवस माझ्यामुळे वाया गेले होते. पुढचं वर्षभर मी ते विसरले नाही.

त्यानंतरचं वर्ष पानशेतचं धरण फुटलं ते. मी सातवीत होते. त्या नाताळात बाबांनी पुरा वेढा ठरवला होता: तीन दिवस कुणी बाहेर नाही, कुणी आत नाही. आई तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होती. माझ्यानंतर बारा वर्षांनी. सातवा महिना होता. निघताना बाबांनी तिला विचारलं, "राहू का?" ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "वर्षभर त्याच्यावर जगता. जा. अजून दोन महिने आहेत." शेजारच्या क्वार्टरमध्ये रुळांची देखभाल करणारा गँगमन आणि त्याची बायको राहायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिच्यावर आईला सोपवून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे वर जेवायला गेले होते. जेवणाच्या वेळी दरवाजावर एकच माणूस ठेवायचा असा बाबांचा नियम होता, आणि त्या दिवशी ती पाळी मी मागून घेतली होती. आबा येणार तर याच वेळी येणार, हे मला ठाऊक होतं.

आणि ते आले. एकटे. डोक्याला पागोटं नव्हतं, कमरेला ती लाकडी तलवार तेवढी होती. कवाडाच्या फटीतून मला त्यांचा घामेजलेला चेहरा दिसला.

"पोरी, उगड."

"परवलीचा शब्द सांगा."

"आगं, कसला शबुद! तुझ्या आईचं पोट दुकाय लागलंय. गँगमन सांगाया आलाय वाडीत. ती म्हनती, हे आल्याबिगर मी कुटं जायाची न्हाई. बाला बलीव."

मी हसले. खरंच हसले. "गेल्या वर्षी साहेब आले होते. यंदा आई का?"

"आगं, औंदा खरं हाय. आईची आन."

"शपथ घालणं हाही डावच असतो. बाबांनी सांगितलंय."

आबांनी कवाडाला दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवलं. ते हललं नाही. मग त्यांनी वरच्या फटीतून हात आत घातला आणि अडसर चाचपायला लागले. मी भाला उचलला. भाला बोथट होता, पण त्याच्या टोकाशी बाबांनी तार गुंडाळली होती, तिचं एक टोक सुटलं होतं. मी जोरात टोचला. आबा ओरडले आणि त्यांनी हात मागे घेतला. मनगटापासून अंगठ्यापर्यंत चांगलं फाटलं होतं. ते एक क्षण माझ्याकडे बघत राहिले. शिव्या देतील असं मला वाटलं. त्यांनी दिल्या नाहीत. "आगं लेकरा," एवढंच म्हणाले आणि वळून धावत खाली गेले.

मी गड राखला होता.

थोड्या वेळानं म्हातारे पॉइंट्समन जेवून खाली आले. "काय विशेष?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले ते मला नीट आठवतं. संध्याकाळी सगळे जमल्यावर, सगळ्यांसमोर, बाबांना सांगायचं होतं. ती गोष्ट मला म्हाताऱ्यावर वाया घालवायची नव्हती. त्यांनी मला जेवून यायला सांगितलं, तर मी भूक नाही म्हणाले आणि तिथंच बसून राहिले. मग म्हातारबुवाही कंटाळून वर बाबांकडे गेले.

बाबा तेव्हा गडाच्या पश्चिमेला विंचूकाट्यावर होते. तो गडाचा लांबलचक चिंचोळा सुळका, पार दुसऱ्या टोकाला. आबा गडाला वळसा घालून, रान तुडवत, त्या सुळक्याच्या खाली पोचले. त्यांना तासाहून जास्त वेळ लागला. पुढचं मला त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. आबांनी खालून हाका मारल्या. थंडीच्या दिवसांत आवाज लांबवर जातो. बाबांनी ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागले. वरून ओरडले, "गेल्या वर्षीचा डाव शिळा झाला, आबा! नवा काढा!" आबा पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बाबा चांगला पाव तास हसत राहिले. शेवटी आबांनी कमरेची तलवार काढली, कातळावर ठेवली, आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "मी हरलो! हरलो म्हंतो मी! गड तुमचा! आता तरी खाली या, भाऊ!"

आबा कधी हरलो म्हणायचे नाहीत. बाबांचं हसणं तिथं थांबलं.

मी बसले होते तिथं बाबा वरून पायऱ्या उतरत आले ते पागोटं नाही, तलवार नाही असे. मी उठले. म्हटलं, "बाबा, मी आज—" त्यांनी ऐकलं नाही. टेकूचे दगड त्यांनी दोन्ही हातांनी भिरकावले, अडसर ओढला. "आईला बरं नाही. तू मागून ये." एवढं म्हणून ते पायऱ्यांवरून नाहीसे झाले.

मी त्यांच्या मागे धावले. पण चिलखत अंगावर होतं. वीस-पंचवीस पायऱ्यांवर मी पडले, गुडघे फुटले. उठले, पुन्हा पडले. त्या वाद्या सोडायला मी मागे हात नेऊन नेऊन बघितले. पोचत नव्हते. बाकीचे सगळे सामान आवरायला वरच थांबले होते. उतरायला एकच वाट, आणि त्या वाटेवर मी ते लोखंड अंगावर घेऊन बसून राहिले. मला तेव्हा सगळं कळलं होतं. कुणी सांगायची गरज नव्हती.

बऱ्याच वेळानं आबा खालून वळसा घालून आले. माझ्यासमोर उकिडवे बसले. हाताला धोतराचा तुकडा बांधला होता, तो लाल झाला होता. त्यांनी मला पाठमोरी वळवलं आणि त्या हातानं एकेक गाठ सोडली. मी रडत होते. ते म्हणाले, "हे बग. तू मला बगितलं न्हाईस. मी तुज्याकडं आलोच न्हवतो. कुनाला सांगू नगं. मीबी न्हाई सांगत."

त्या माणसाच्या मनात माझ्याबद्दल माया होती, म्हणून ते असं म्हणाले. पण त्या वाक्यानं मला जे बांधलं, ते पुढं चौदा वर्षं सुटलं नाही.

बाबा क्वार्टरवर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आई मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. लोणावळ्याची दुपारची पॅसेंजर कधीच गेली होती. केबिनमधल्या बाबांच्या सोबत्यानं सिग्नल न देता एक मालगाडी थांबवून धरली आणि आईला खाटेसकट गार्डाच्या डब्यात चढवलं. त्याच संध्याकाळी लोणावळ्याच्या दवाखान्यात मुलगा झाला. मेलेला. आईला शुद्ध नव्हती. डॉक्टर बाबांना म्हणाले की आधी आणलं असतं तर वाचला असता की नाही, सांगता येत नाही. सांगता येत नाही, हे तीन शब्द आमच्या घरात राहायला आले ते कायमचे.

सकाळी बाबा आणि आबा त्याला पुरून आले. आई आठ दिवसांनी घरी आली. तिनं त्याला पाहिलं नव्हतं. मीही नाही.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. मेल गेली की भांडी वाजायची. तेवढ्या जागेत आम्ही तिघं पुढची वर्षं राहिलो, आणि त्या दिवसाबद्दल कुणी काही बोललं नाही. आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती वेळेवर डबा करायची, शर्टाची बटणं लावायची, आणि बाबांशी फक्त कामापुरतं बोलायची. "तेल संपलंय." "उद्या पहिली पाळी आहे का?" मावशीनं तिला सगळं सांगितलं होतं: आबा खाली रडत होते आणि हे वरून हसत होते. म्हाताऱ्या पॉइंट्समननं ते स्टेशनभर सांगितलं होतं. बाबांनी ते कधी नाकारलं नाही.

ते पुन्हा गडावर गेले नाहीत. बाराबंद्या, तलवारी, माझं चिलखत, सगळं त्यांनी एका जत्रेतल्या सोंगाड्यांना देऊन टाकलं. नाताळात रजा घ्यायचं सोडलं. उलट दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घ्यायला लागले. कधीकधी शाळेतून येताना मी वर बघायची. बाबा काचेआड उभे असत, दक्षिणेकडे पाठ करून.

आणि मी? मी रोज सांगायचं ठरवायची. बाबा जेवायला बसले की त्यांना वाढून मी उठून जायची. मी सांगितलं तर आईला बाबांची चूक पाव तासाची आणि माझी तासाभराहून मोठी, हे कळणार. नाही सांगितलं तर बाबा माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरणार. दोन्हीकडून वाट बंद. वर्षातून दोनदा आबा तांदळाची पिशवी घेऊन यायचे. ओट्यावर बसायचे, आईला वैनी म्हणून हाक मारायचे. चहाची बशी त्यांनी उचलली की मनगटापासून अंगठ्यापर्यंतचा तो पांढरा वण दिसायचा. एकदा आईनं विचारलं, "हे कधीचं हो?" आबा म्हणाले, "करवंदीचा काटा." मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. नंतर नंतर ते यायचे असले की मी मुद्दाम मैत्रिणीकडे जायची. बाबांना वाटायचं, मला आता खेड्यातल्या माणसांची लाज वाटते. एकदा तसं बोलूनही दाखवलं.

मी डी.एड. केलं, तळेगावला शाळेत लागले, लग्न झालं. घरातून बाहेर पडले की सुटेन असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. वर्गात एखादी बारा वर्षांची मुलगी खोटं बोलली की मी तिला शिक्षा करू शकत नसे. बाकीच्या बाई म्हणायच्या, तुम्ही फार मऊ आहात.

निवृत्तीनंतर बाबांनी लोणावळ्याजवळ तुंगार्लीत एका बंगल्यामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दोनच वर्षांनी त्यांच्या फुप्फुसात पाणी व्हायला लागलं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून दिवसरात्र पाठीशी उशा लावून बसून असायचे. मी सुट्टी काढून गेले होते. एका दुपारी आई बाजारात गेली होती. मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे घेऊन त्यांनी हातानं थांबवलं.

"पाव तास," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"मी पाव तास हसत उभा होतो. खाली एक माणूस रडत होता आणि मी वरून हसत होतो." त्यांना दम लागला. "मला त्याचा आवाज ओळखू यायला हवा होता. खरा आवाज वेगळा असतो."

चौदा वर्षांत त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते. मी वाटी खाली ठेवली आणि सांगितलं. सगळं. आबा आधी माझ्याकडे आले होते ते, मी हसले ते, भाला, त्यांचा हात, "काही नाही" म्हणाले ते. रडले नाही. पाठ केलेल्या धड्यासारखं सगळं घडाघडा बाहेर पडलं.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग विचारलं, "किती वाजता आला होता?"

"सूर्य डोक्यावर होता. साडेबारा असतील."

ते पुटपुटले. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. ते गाड्या म्हणत होते. "म्हणजे उतरून सव्वादोन. दोन-चाळीसची लोणावळ्याची अप मिळाली असती." मला खोलीतून पळून जावंसं वाटलं. ते रागावले असते तर मी पायावर डोकं ठेवलं असतं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांत राग नव्हता; कसला तरी गोंधळ होता, जणू त्यांना मला ओळखायला वेळ लागत होता.

"बारा वर्षांची होतीस," ते म्हणाले. "तुला तिथं उभं कुणी केलं? मीच. ती वाक्यं पण माझीच. शपथ घालणं हाही डाव, हे मीच शिकवलं होतं." मग विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगू."

"बाबा, पण—"

"तिला माझ्यावर रागवायची सवय झालीय. आता या वयात माणूस बदलू नकोस." एवढं म्हणून ते हसले. त्या हसण्यानं खोकला आला, तो थांबेना. आई आली तेव्हा मी त्यांची पाठ चोळत होते.

त्यानंतर बारा दिवसांनी ते गेले.

मला वाटलं होतं, सांगितलं की मोकळं होईन. पण बाबांनी जाता जाता पुन्हा तेच कुलूप लावलं होतं, आणि आता तर त्यांची शेवटची इच्छा म्हणून. तेराव्यानंतर मी आईजवळ राहिले. ती दिवसभर काम करायची आणि संध्याकाळी त्यांच्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून बसायची. एकदा म्हणाली, "मी त्यांच्याशी नीट बोलले नाही गं. शेवटीसुद्धा नाही. जमलंच नाही." तेव्हा मला राहवलं नाही. बाबांचा शब्द मोडला.

आई तांदूळ निवडत होती. मी बोलत होते तोवर तिची बोटं सुपात फिरत होती. मग थांबली.

"त्यांना सांगितलं होतंस?"

"हो. शेवटच्या आजारात."

"काय म्हणाले?"

"तुला सांगू नको म्हणाले."

"मग कशाला सांगितलंस?" ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ते घर मला ओळखीचं होतं. याच गप्पपणात मी वाढले होते. आता ती बाबांच्या जागी मला बसवणार, असं मनाशी धरून मी वावरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना तिनं विचारलं, "म्हणजे आबांना सगळं माहीत होतं?"

"हो."

"आणि इतकी वर्षं ते ओट्यावर बसून चहा पीत होते." तिनं गाळणी आपटली. "लुगडं बदलते. चल."

आम्ही मळवलीला उतरलो आणि वाडीपर्यंत चालत गेलो. आईला ती चढण झेपत नव्हती. दर वळणावर थांबत होती, पण परत फिरू या असं म्हणाली नाही. माझा हात तिनं धरला नाही. चढ फारच उभा आला तेव्हा मात्र धरला, आणि मग सोडला नाही.

आबा अंगणात दोर वळत बसले होते. आम्हाला दोघींना बघून उठले. त्यांच्या सुनेनं घोंगडी अंथरली, चहा आणला. आईनं चहाला हात लावला नाही.

"आबा, मला हिनं सांगितलं," ती म्हणाली.

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली. "लेकरू व्हतं, वैनी. त्येचं काय मनावर घेऊ नगा."

"त्यासाठी आले नाही मी." आईचा आवाज बारीक झाला. "त्याला पुरायला तुम्ही दोघं गेला होता. मला कुणी दाखवला नाही. ह्यांना मी कधी विचारलं नाही. रागात होते. आता ते गेले. बघितलेले तुम्ही एकटेच राहिलात."

आबांनी हातातला दोर बाजूला ठेवला. मांडीवर पडलेले दोराचे तंतू झाडले. मला वाटलं, त्यांना आठवत नसेल, पंधरा वर्षं होत आली होती.

"भाऊ फडकं उगडत न्हवते," ते म्हणाले. "मी म्हनलं, भाऊ, बगून घ्या, परत दिसायचा न्हाई. मग उगडलं त्यांनी. केस लय व्हते, वैनी. काळेभोर. वल्ले असल्यागत कपाळाला चिकटल्याले. रंगानं गोरा, तुमच्यावानी. हनवटी पन तुमचीच. डोळे मिटल्याले. झोपलाय आसंच वाटाय लागलं. भाऊंनी बोटं मोजली. हाताची, पायाची. समदी व्हती. मग म्हनले, थंडी हाय, आनि आंगातली बाराबंदी काडून त्येला गुंडाळली. तुमी शिवल्याली. गडावरनं पळत आलं त्याच कापडात व्हते की ते."

आई ऐकत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला नव्हता, डोळे आबांच्या तोंडावर होते.

"कुठं?" तिनं विचारलं.

"इंद्रायणीच्या काठाला, उंबराखाली. दावतो मी."

"नंतर दाखवा," आई म्हणाली. तिनं गार झालेली बशी उचलली, एक घोट घेतला, पुन्हा खाली ठेवली. "केस कसे होते म्हणालात? पुन्हा सांगा."

आणि आबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.